मामीला शेवट बघायचा होता

माझ्या मामाच्या वाडीवर दर मे महिन्यात संगीत नाटकांचा महोत्सव होतो, असं मी ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे हसले. काल्हेरचा गोडाऊनवाला आणि संगीत नाटक? क्रिकेटची टूर्नामेंट भरवत असेल, बैलांच्या शर्यती लावत असेल, तू उगाच काहीतरी ऐकवतेस, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तरी कसा दोष देऊ? आमच्या आगरी माणसाच्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिलं की पुढे काय होतं ते भिवंडी तालुक्यात सगळ्यांना पाठ आहे. आधी बंगला, मग बंगल्यासमोर मावणार नाही एवढी गाडी, मग वडिलांच्या नावाने टूर्नामेंट आणि तिच्यात बॅट्समनपेक्षा जास्त घाम गाळणारा कॉमेंटेटर. मामाने बंगला बांधला, गाडी घेतली. त्यानंतर मात्र त्याची वाट भलतीकडे गेली.

त्याचं कारण जुनं आहे. तरुणपणी मामा टेम्पो चालवायचा. एकदा एका नाटक कंपनीचे पडदे आणि पेट्या पोचवायचं भाडं त्याला मिळालं. परत सामान न्यायचं होतं म्हणून तो थांबला, आणि कोणीतरी त्याला विंगेत स्टुलावर बसवलं. आयुष्यातलं पहिलं नाटक त्याने असं बाजूने बघितलं. समोरून नाटक कसं दिसतं हे त्याला पुढे कित्येक वर्षं माहीत नव्हतं. अजूनही तो खुर्चीत बसला की मान तिरकी करून बघतो. तर त्या विंगेतून त्याने एका बाईला गाताना ऐकलं, आणि गाणं संपल्यावर आपला टेम्पो कुठे लावलाय हेच त्याला आठवेना, असं तो सांगतो. मामी म्हणते, ती बाई दिसायला बरी असणार.

अकलोलीच्या पुढे, नदीच्या अंगाला मामाची आमराई आहे. आम्ही तिला वाडी म्हणतो. मुंबई-पुण्याचे रसिक तिला ‘इस्टेट’ म्हणतात. पहिल्या वर्षी एक बाई मामाला म्हणाल्या की तुमची इस्टेट फार सुंदर आहे, तेव्हा मामाचा चेहरा पडला. इस्टेट हा शब्द त्याने आजवर फक्त भावाभावांच्या भांडणात ऐकला होता. त्या बाई कोणत्या वकिलाकडून आल्या, असं त्याने मला बाजूला घेऊन विचारलं.

हे रसिक लोक मला आवडतात, खोटं कशाला बोलू. मे महिन्यात रेशमी साड्या नेसून आणि सिल्कचे झब्बे घालून येतात. बसायला घरून उशा आणतात, हातात पंखे असतात. नाटक उन्हं कलल्यावर सुरू होतं, पण ते सकाळीच हजर होतात आणि भर दुपारी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरतात. अशा उन्हात कढत पाण्यात बसणारी माणसं मी दुसरी पाहिलेली नाहीत. बाहेर आल्यावर म्हणतात, काय गार वाटतं. वाटणारच.

शेजारच्या पाड्यावरची माणसं मंडप घालतात आणि संध्याकाळी पोराबाळांसकट येऊन बांधावर बसतात. वारा फक्त बांधावरच येतो. पुढच्या रांगेतले रसिक पंखे हलवत घामाघूम होतात आणि मागे वळून बांधाकडे बघतात. पण उशा घेऊन तिकडे जायला त्यांचा जीव धजत नाही.

आणि मग जेवण. दुसऱ्या अंकानंतर मोठी सुट्टी होते आणि आंब्याखाली पंगत बसते. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, मटण, वडे, आमरस. रसिक आधी सांगतात की आम्ही संध्याकाळी हलकंच घेतो. मग घेतात. मामा पानापानाशी वाकून आग्रह करतो. वाढप, स्वयंपाक आणि खरकटं सगळं घरच्या बायकांकडे, म्हणजे मामीकडे आणि तिच्या हाताखाली आम्हा सगळ्यांकडे. मी बीकॉम आहे, आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन उतरणारी पहिली मीच, आणि हे मी कुठेही सांगते. पण वाडीवर पदवी कोणी विचारत नाही. भाकरी गोल येते का ते विचारतात. माझी येत नाही, म्हणून मला व्यवस्थापक केलं.

आता वन्समोअरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

पहिल्या वर्षी नायिकेचं एक पद संपलं आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ‘वन्समोअर’ अशी आरोळी दिली. बाईंनी हसून पद पुन्हा म्हटलं. मामाने मला विचारलं की हे काय. मी तेव्हा कॉलेजात होते, सगळं माहीत असल्यासारखी सांगायचे. गाणं आवडलं की पुन्हा मागतात, त्यात कलाकाराचा मान असतो, असं मी सांगितलं. मामाने ते ऐकलं आणि स्वतःच्या पद्धतीने समजून घेतलं. पंगतीत पाहुण्याने भाकरी पुन्हा मागितली नाही तर रांधणारीला वाईट वाटतं, तसंच हे, असं त्याच्या डोक्यात बसलं. म्हणजे ज्या गाण्याला वन्समोअर नाही ते गाणं पानात टाकून दिलं. आपल्या वाडीवर आलेल्या पाहुणीचं गाणं पानात टाकायचं म्हणजे केवढी नाचक्की.

दुसऱ्या दिवसापासून हुकूम निघाला. एकही गाणं वन्समोअरशिवाय जाता कामा नये.

गावाने तो मनावर घेतला. गावची क्रिकेट टीम मागे उभी असायची, तिला आवाजाची सवय होतीच. नायिकेला वन्समोअर, नायकाला वन्समोअर, नांदीला तर गणपतीचं नाव आहे म्हणून हमखास. पुढे पुढे गाणं कुठलं आणि बोलणं कुठलं याचा विधिनिषेध राहिला नाही. तबलजी ठोकून तबला लावत होता, त्यालाही मिळाला. एका नाटकात खलनायक तलवारीने मरतो. तो इतका छान पडला की टीमने ओरडून त्याला उठवला आणि पुन्हा मारायला लावला. मरताना त्याने प्रेक्षकांकडे हात जोडले होते ते मी पाहिलं.

रसिकांना गंमत वाटायची. कंपनीला तर फारच आवडायचं, कारण असे श्रोते त्यांना ठाण्यात मिळत नव्हते, पुण्यात तर नाहीच नाही. नायिका सगळ्यांना सांगायची की खरे कानसेन भिवंडीत आहेत.

पण प्रत्येक गाणं दोनदा, काही तीनदा, वर ते जेवण. तिसऱ्या अंकाला वेळ उरायचाच नाही. रात्री शहराबाहेर थांबवलेल्या अवजड गाड्या सोडतात, आणि त्या एकदा सुटल्या की आमच्या रस्त्याने ठाण्याला पोचणं म्हणजे नशिबाचा भाग. मी काल्हेरला गोडाऊनच्या ऑफिसात हेच काम करते, कोणती गाडी कधी सुटणार ते बघते, त्यामुळे मला वेगळं सांगायला नको. त्यातल्या कितीतरी गाड्या मामाच्याच गोडाऊनमधून सुटतात. म्हणजे मामाच्या नाटकांचा शेवट मामाच्याच ट्रकांनी खाल्ला. कंपनीची बस त्याआधी निघायला हवी असायची. मग सूत्रधार पुढे येऊन हात जोडायचा आणि सांगायचा की अशा रीतीने सर्वांचे गैरसमज दूर झाले आणि सर्व सुखी झाले. की झाला तिसरा अंक. टाळ्या, नारळ, शाल, आणि बस.

कोणाची तक्रार नव्हती. रसिकांना ही नाटकं पाठ, ते गाण्यांसाठी येतात. मामालाही गाण्यांशीच काम. तक्रार होती ती फक्त मामीची, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

मामीने पहिला अंक चुलीशी कर्ण्यातून ऐकलेला असायचा. दुसरा अंक ती भाकऱ्या थापता थापता मंडपाच्या पडद्याच्या फटीतून बघायची. सगळ्या गैरसमजांची सुरुवात तिला माहीत होती. कोण कोणाचं सोंग घेऊन आलंय, कोणाची अंगठी कुठे पडलीय, सगळं. मग पंगत. ती आवरून, हात धुऊन बाहेर यावं तर बसचे दिवे लागलेले. दुसऱ्या दिवशी ती मला विचारायची की मग पुढे काय झालं. मी मोबाईलवर शोधून वाचून दाखवायचे. ती ऐकायची आणि म्हणायची, “तू वाचून सांगतस गो. मना बगाचा हाय.”

गेल्या उन्हाळ्यात, महोत्सवाच्या आधी, वाडीवर वर्षाचा मसाला कुटायचं काम चाललं होतं. सगळ्यांची नाकं वाहत होती, कोणी बोलण्याच्या स्थितीत नव्हतं. तेव्हा मामी तोंडाला पदर बांधलेल्या अवस्थेत म्हणाली की अवंदा मी शेवट बघणार. मामा आंब्याच्या पेट्या बघत होता. तो म्हणाला, बघ ना, तुला कोणी नको म्हटलंय? मामीने त्याच्याकडे बघितलं. मिरचीमुळे डोळे लाल होते की कशामुळे, मला सांगता येणार नाही.

हे काम मी अंगावर घेतलं. गाड्यांचं नियोजन करणाऱ्या बाईला एका मामीला खुर्चीपर्यंत पोचवणं जड जाऊ नये, असा माझा समज. केटरर आणू, असं मी सुचवलं. मामा म्हणाला, माझ्या वाडीवर पाहुणा भाड्याच्या हातचं खाईल काय? मला वाटलं मामी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, त्या केटररला बिरड्याचे वाल सोलता येतात का ते विचार आधी. म्हणजे दोघेही एकाच बाजूला, आणि मी एकटी. मग जेवण नाटकाआधी ठेवू म्हटलं. मामा म्हणाला, भरल्या पोटी बाई गाणार कशी, आणि रसिक तर घोरतीलच. शेवटी असं ठरलं की मामीने रांधायचं, पण पहिली घंटा झाली की चूल सोडायची. वाढायचं मामाने आणि टीमने. भांडी पडून राहिली तर राहू देत.

राहिला वन्समोअर. तो बंद, असं मी सांगितलं, तेव्हा पाहुण्यांना पाणी देऊ नको म्हटल्यासारखं मामाने माझ्याकडे बघितलं. पण तो कबूल झाला. टीमलाही सांगितलं. टीमचा कॅप्टन म्हणाला, “म्याडम, येकदम सायलेंट. अंपायर झोपला समजा.”

त्या वर्षी महोत्सवाला एकच नाटक होतं. त्यात एक राजपुत्र माळ्याचं सोंग घेऊन राजकन्येच्या बागेत कामाला राहतो, आपल्यावर तिचं खरं प्रेम बसतं का ते बघायला. मामी ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून पहिल्या रांगेत बसली. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. बँकेत मॅनेजरसमोर बसते तशी. शेजारी एक मुंबईच्या बाई होत्या, त्यांनी तिला उशी देऊ केली. मामीने ती घेतली आणि जपून मांडीवर ठेवली.

नांदी झाली. टाळ्या झाल्या. बाकी शांत.

मग नायिका आली. या कंपनीची नायिका पहिल्या वर्षापासून तीच आहे. माझ्या आईच्या वयाची असावी, पण शालू नेसून ती जेव्हा सोळा वर्षांची आहे म्हणून सांगते तेव्हा तिचं खरं वाटतं. तिने पहिलं पद म्हटलं, फार गोड म्हटलं. शेवटच्या तानेनंतर ती फुलाची फांदी धरून तशीच उभी राहिली. ऑर्गनवाल्याने बोटं पट्ट्यांवरून उचलली नाहीत. दोघेही वाट बघत होते. आमच्याकडून टाळ्या आल्या आणि थांबल्या. मागे टीमने तोंडावर रुमाल धरले होते. ते पहिल्या वर्षीचे म्हातारे गृहस्थ न राहवून ‘वन्समोअर’ म्हणाले, तर सगळी टीम एका दमात त्यांच्यावर श्श करून धावली. ते बिचारे खुर्चीत लहान झाले. नायिकेने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग टीमकडे बघितलं, आणि फांदी सोडली.

मामा माझ्या शेजारी होता. त्याच्या गळ्यात शब्द वरखाली होत होता, मला दिसत होता.

दुसऱ्या पदाला तेच. तिसऱ्याला तिने तान अर्ध्यावर आवरती घेतली. दुसऱ्या अंकात तर ती पदं अशी म्हणत होती की जणू बस सुटायची आहे. नायकाचा फेटा घामाने खाली आला होता, तो वर घ्यायचंही त्याला सुचत नव्हतं. मामीचं मात्र लक्ष गोष्टीत होतं. राजकन्येला माळ्याच्या हातातली अंगठी दिसते आणि ती मूर्च्छित पडते, तिथे दुसरा अंक संपला. मामीने मांडीवरची उशी आवळून धरली होती.

पडदा पडला आणि कंपनीचे मॅनेजर माझ्याकडे धावत आले. “मॅडम, आमचं काही चुकलं का? बाई म्हणतात, या लोकांना आता मी नको झाले. त्या जेवायला येत नाहीत.”

बाई जेवणार नाहीत हे मामाने ऐकलं आणि त्याचा धीर संपला. तो म्हणाला, ते काही नाही, आता दुसऱ्या अंकाची सगळी गाणी परत म्हणवून घेऊ, एकेकाला दोन-दोन वन्समोअर देऊ, माझ्या वाडीवरून पाहुणी उपाशी गेली तर मी तोंड कुठे दाखवू. टीमचे रुमाल लगेच खाली आले. कॅप्टन घसा खाकरायला लागला.

मामी खुर्चीतून उठली नाही. मामाकडे वळून, फार मोठ्याने नाही, पण आंब्याखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“गानारनीला दोनदा दोनदा इचारता. मना येकदा तरी इचारलंव कं, तुना काय बगाचा हाय?”

मामाने हातातली आमरसाची वाटी खाली ठेवावी की वर धरावी याचा विचार केला आणि ती तशीच धरली. मामी उठली, उशी नीट खुर्चीवर ठेवली, चुलीपाशी जाऊन एक ताट वाढलं आणि मला म्हणाली, चल.

बाई खताच्या पोत्यांच्या खोलीत बसल्या होत्या. महोत्सवापुरती ती मेकअपरूम असते. मुकुट काढून मांडीवर घेतला होता. मामीने ताट पोत्यावर ठेवलं.

“गानं ग्वाड झालं,” मामी म्हणाली. “कोनी मागितलं न्हाय त्ये माझ्यामुलं. मीच सगल्यांना गप बसवलंय.”

बाईंनी विचारलं, का हो मामी?

“मना शेवट बगाचा हाय. इतकी वर्सा झाली, येकाबी नाटकाचा शेवट पायला न्हाय.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एकाही नाही?”

“तुमी तरी कुटं केलाव?” मामी म्हणाली.

आधी बाईंच्या ओठांवर हसू आलं, मग त्या चक्क हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. त्यांनी मॅनेजरांना हाक मारली. दोघांचं खालच्या आवाजात काहीतरी बोलणं झालं. मॅनेजर माझ्याकडे आले, आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला नियोजनातलं आपलं ज्ञान कुठे ठेवावं कळेना. इथे तिसरा अंक होतच नाही, म्हणून कंपनीने तो आणलाच नव्हता. राजदरबाराचा पडदा ठाण्याला गोडाऊनमध्ये. राजाचा पोशाख तिथेच. राजाचं काम करणारा नटसुद्धा आला नव्हता, त्याला त्या दिवशी घरचं लग्न होतं आणि इथे त्याची गरज काय, म्हणून मॅनेजरांनी सोडला होता. तालीम तर कोणालाच आठवत नव्हती.

मी मामीला हे सगळं समजावून सांगितलं. दरबार नाही, राजा नाही, कोणाला शब्द येत नाहीत. मामीने शांतपणे ऐकलं.

“बागंतच करा की,” ती म्हणाली. “मी काय दरबार बगाला आली?”

बाईंनी ताट पुढे ओढलं आणि भाकरी मोडली. बघू काय आठवतंय ते, असं म्हणाल्या. त्या गाण्याआधी कधी पोटभर खात नाहीत. त्या दिवशी त्यांनी वडाही घेतला.

बाहेर मामा आणि टीम पंगत वाढत होते. त्याचं वर्णन मी सविस्तर करणार नाही, मामा अजून माझा मामा आहे. एवढंच सांगते की आमरस बिरड्यावर पडला, वडे कोणाला पाच मिळाले तर कोणाला वडे आहेत हेच कळलं नाही, आणि टीमने पाणी एकमेकांकडे झेल दिल्यासारखं पोचवलं. रसिक म्हणाले, फार अस्सल अनुभव.

मग तिसरा अंक झाला. राजाचं काम मॅनेजरांनी केलं, अंगात शर्ट-पॅन्ट आणि वर मामाची महोत्सवाची शाल. प्रॉम्प्टर विंगेतून इतक्या मोठ्याने सांगत होता की प्रत्येक वाक्य आधी तो बोलायचा, मग नट. नायक एकदा राजकन्येचंच वाक्य बोलून बसला, तर बाईंनी त्याला हळूच ते परत घ्यायला लावलं. बागेच्या पडद्यासमोर राजा म्हणाला की हा माझा भव्य दरबार, आणि बांधावरची पोरं हसली. मामीने मागे वळून त्यांच्याकडे एकदाच बघितलं. मग कोणी हसलं नाही.

राजपुत्र आपलं खरं रूप सांगतो. राजकन्या रडते. तो म्हणतो, तुझ्या प्रेमाची परीक्षा बघायला मी हे केलं. ती थोडा वेळ तोंड फिरवून उभी राहते, एक पद म्हणते, आणि त्याच्या गळ्यात माळ घालते. ते पद बाईंना पूर्ण येत होतं. ते कसं झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी मामीकडे बघत होते आणि मामी स्टेजकडे. ओठ किंचित उघडे. हातातली उशी कधीची खाली पडली होती.

भरतवाक्य झालं, पडदा पडला, तो खरोखर शेवट झाला म्हणून पडला. कंपनीची बस गाड्या सुटायच्या आत गेली. बाईंनी जाताना मामीला मिठी मारली, मामीच्या लुगड्याला रंग लागला.

आवरायला सगळेच होते. मामी उलट्या घमेल्यावर बसली आणि तिने तिथेच जेवायला घेतलं. मामा भांड्यांच्या ढिगापाशी उभा होता. मघाचं ते वाक्य त्याच्या अंगावर अजून असावं, कारण तो फार जपून बोलला. आवडला ना शेवट, असं त्याने विचारलं.

“न्हाय,” मामी म्हणाली.

मामाला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

“त्यानं तिला दोन अंक फसवलं. परीक्षा बगतो म्हने. आन हिनं येका गान्यात माल घातली. येवढ्या लवकर?” मामीने भाकरीचा तुकडा बिरड्यात बुडवला. “मी आसती तर येक इचारला आसता त्याला. तू येवढे दिवस माली व्हतास ना माझ्या बागंत? मग माझ्यासाटी काय लावलंस, त्ये दाव.”

मामाने एक पातेलं उचललं, ते घासायला नळाकडे नेलं, आणि घासायची वेळ आल्यावर घासणी कुठे असते ते त्याला विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला कंपनीच्या मॅनेजरांना फोन लावायला सांगितला. राजकन्येने माळ घालण्याआधी तेवढा एक प्रश्न विचारावा, असं नाटकात घालता येईल का. मॅनेजर म्हणाले, साहेब, जुनं नाटक आहे, असं कसं बदलणार. मामा म्हणाला, मग दुसरं आणा. पण शेवट आधी हिला सांगायचा. हिला पसंत पडला तरच पुढचं बोलू. आणि तिसरा अंक सामानासकट आला पाहिजे.

तेव्हापासून मॅनेजर अधूनमधून फोन करतात. मामी वाल सोलता सोलता फोन स्पीकरवर ठेवते. मामा जवळ बसतो, तोही वाल सोलतो. त्याच्या सोललेल्या वालांचे निम्मे तुकडे होतात, मामी ते वेगळे ठेवते. आतापर्यंत मॅनेजरांनी सांगितलेले सगळे शेवट तिने परत केले आहेत. एकात नायिका नवऱ्यासाठी वनात जाते, एकात ती वीस वर्षं वाट बघते, एकात तिला शाप मिळतो तो त्याच्या चुकीचा.

परवा मॅनेजर कंटाळून म्हणाले, “मामी, सगळ्या नाटकांत शेवटी ती त्याला माफच करते हो.”

“करू दे की,” मामी म्हणाली. “मी कुटं नको म्हनते? पन त्याला काय कराला लावते, त्ये सांगा.”

पलीकडे मॅनेजर पानं चाळत असल्याचा आवाज येत होता. मामाने मामीकडे बघितलं, आणि पुढचा वाल जरा सांभाळून सोलायला घेतला.